तारखांचा हिशेब

पाच तारखेला हप्ता जातो आणि सात तारखेला पगार जमा होतो. मधल्या दोन दिवसांत कितीतरी चांगल्या, काटकसरी घरांची पत जाते. त्या घरांचं उत्पन्न खर्चाला पुरेसं असतं, कुणी उधळपट्टी केलेली नसते. तरी हप्ता परत जातो. मग आपली बँक दंड कापते, कर्ज देणारी संस्था वेगळा दंड लावते. नवराबायकोत ‘पैसे गेले कुठे’ यावरून धुसफूस होते ती निराळीच. पैसे कुठेही गेलेले नसतात. ते फक्त दोन दिवस उशिरा आलेले असतात.

झालेला खर्च लिहून ठेवणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. दूधवाल्याच्या खाडा-हजेरीपासून किराण्याच्या यादीपर्यंत सगळं नोंदवणाऱ्या आजी-आत्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. त्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या वह्या मागे बघतात. पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या तारखेला किती येणार, किती जाणार आणि त्यातल्या कोणत्या दिवशी खातं तळाला जाणार, हे लिहिलेली वही मात्र क्वचितच दिसते. संसाराची ओढाताण जिथे टाळता येण्यासारखी असते, तिथे ती याच वहीने टळते. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे.

आधी कायद्याकडे पाहू. मुंबईच्या गिरणगावात पगार महिन्याने व्हायचा आणि तोही पुढच्या महिन्यात बरेच दिवस उलटल्यावर हातात पडायचा. कामगार कर्जात का बुडतो, याचीही चौकशी करणाऱ्या शाही कामगार आयोगाने १९३१ साली अहवाल दिला आणि त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. हजाराहून कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत आणि हजार किंवा जास्त असतील तर दहा तारखेपर्यंत पगार द्यायचा, असं त्याने ठरवलं. त्या काळात ही मोठी सुधारणा होती. आज मात्र पगाराच्या तारखेच्या आधीच घराच्या गळ्याशी हप्ते येऊन बसलेले असतात. मालक कायद्यात बसतो, बँक करारात बसते, आणि घर दोघांच्या मध्ये सापडतं.

त्यात १ ऑगस्ट २०२१ पासून आणखी एक बदल झाला. बँकांमधली ‘नाच’ (NACH) ही परस्पर वसुलीची यंत्रणा तोवर बँकेच्या कामाच्या दिवशीच चालायची. आता ती आठवड्याचे सातही दिवस चालते. पूर्वी रविवारी आलेला हप्ता सोमवारी जायचा आणि एक दिवसाची उसंत मिळायची. ती आता मिळेलच असं नाही. २०२६ मध्ये ५ एप्रिल आणि ५ जुलै हे दोन्ही दिवस रविवार आहेत. रविवारी मित्राकडून हातउसने घेता येतील, पण ते खात्यात येईपर्यंत यंत्रणा वाट पाहत नाही. शिवाय हप्ता परत जाणं ही नुसती नामुष्की नव्हे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार पुरेशी शिल्लक नसल्याने असा आदेश परत गेला तर धनादेश न वटल्यासारखाच गुन्हा ठरू शकतो.

आता एक घर घेऊ. आकडे उदाहरणापुरते, पण बदलापूर किंवा हडपसरच्या कुठल्याही इमारतीत सापडतील असे. नवऱ्याचा पगार ४२,००० रुपये, सात तारखेला. बायको दवाखान्यात हिशेब बघते, तिचे १६,००० दहा तारखेला. १ जूनला खात्यात १४,५०० आहेत. दूध आणि पेपरचे २,३०० दोन तारखेला जातात, घराचा हप्ता १८,४०० पाच तारखेला. पुढे किराणा ७,५००. वह्या, पुस्तकं, गणवेश, रेनकोट मिळून ६,८००. शाळेच्या फीचा पहिला हप्ता १२,०००. मे महिन्यातल्या पंख्या-कुलरचं वीजबिल ३,१००. विम्याचा वार्षिक हप्ता ९,६००. रेल्वेचा पास, गॅस आणि मोबाइल मिळून २,४००. भाजीपाला आणि किरकोळ खर्च रोजचा २००, म्हणजे महिन्याचे ६,०००.

बेरीज करा. हातात एकूण ७२,५००, खर्च ६८,१००. महिनाअखेर ४,४०० उरतात. महिन्याच्या हिशेबाने हे घर पास झालं, तेही जूनसारख्या महिन्यात.

आता हेच तारखेने मांडा. पाच जूनच्या संध्याकाळपर्यंत दूध-पेपर आणि भाजी जाऊन खात्यात ११,२०० राहतात आणि हप्ता आहे १८,४०० चा. ७,२०० रुपये कमी. ते कुणाकडून तरी उसने घेतले, सात तारखेला परत केले, निभलं. खरा दिवस पुढे आहे. उरलेले ४,४०० घेऊन हे घर जुलैत शिरतं. पाच जुलैला, त्या रविवारी, खात्यात जेमतेम १,१०० असतात आणि समोर पुन्हा १८,४०० चा हप्ता. १७,३०० रुपये कमी. एवढी रक्कम दोन दिवसांसाठी हातउसनी मिळत नाही. ती क्रेडिट कार्डावरून निघते किंवा मोबाइलवरच्या कर्जवाल्या ॲपवरून, आणि मग पुढचं सगळं वर्ष त्याच्या व्याजात जातं.

या घराला पगारवाढ मिळाली नाही, एक रुपया काटकसर केली नाही, फक्त हप्त्याची तारीख पाचाऐवजी दहा करून घेतली, तर दोन्ही महिने कुणापुढे हात न पसरता पार पडतात. सर्वांत तळाचा दिवस ठरतो सहा जुलै. त्या संध्याकाळी खात्यात ९०० रुपये असतात. ९०० म्हणजे काहीच नव्हे. एका मुलाला ताप आला, रक्त तपासावं लागलं की संपले. पण तो दिवस महिनाभर आधी दिसला तर विम्याचा हप्ता पुढे ढकलता येतो. आयुर्विम्याच्या वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. पॉलिसी त्या मुदतीत चालूच राहते. वीस जूनचा तो ९,६०० चा हप्ता बारा जुलैला भरला, तर सहा जुलैची शिल्लक १०,५०० होते.

आपण सगळी बिलं एकाच भीतीने बघतो, आणि तिथेच फसतो. प्रत्येक बिलाचा स्वभाव वेगळा आहे. कर्जाचा हप्ता एक दिवसही थांबत नाही. क्रेडिट कार्डाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने देय तारखेनंतर तीन दिवस मिळतात, त्यापूर्वी उशिराचा दंड लावता येत नाही. शिवाय बिलाचं चक्र कोणत्या तारखेला सुरू व्हावं हे निदान एकदा बदलून मागायचा हक्क कार्डधारकाला आहे. महावितरणचं बिल तारखेनंतर भरलं तर सव्वा टक्का विलंब आकार लागतो. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. उलट बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट असते, जी बहुतेक घरं घेतच नाहीत. सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर उपविधींनुसार सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत आकारणी होत आली आहे. क्रेडिट कार्डापुढे ती स्वस्त वाटते, पण फुकट नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला मात्र अजूनही थांबतो, फक्त आधी सांगितलं तर. कोणतं बिल किती दिवस थांबतं आणि थांबण्याचं काय घेतं, हे ज्या घराला पाठ आहे त्याची अर्धी चिंता कमी झालेली असते.

विजेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एप्रिल-मेच्या सुमाराला महावितरण अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाठवते. मासिक बिल येणाऱ्या ग्राहकाची ठेव साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असावी, असा वीज नियामक आयोगाचा २०२१ चा नियम आहे. वापर वाढला की ठेवीतली तूट मागितली जाते. ठेवीवर व्याज मिळतं, ते बिलात वळतं होतं, हे खरं. पण दरवर्षी हे बिल आलं की घरोघरी ‘हे नवीन काय काढलं’ असा गोंधळ उडतो. ते दरवर्षी येतं, म्हणून ते आधीच वहीत असायला हवं.

तारखांचं हे भान शहरापेक्षा गावात पक्कं आहे, आणि दूध घालणाऱ्या बायकांइतकं ते मला दुसरीकडे दिसलेलं नाही. कोल्हापूरकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. महिन्यातून तीन वेळा पैसा घरात येतो आणि पेंडीचे, उचलीचे पैसे संस्था त्यातूनच कापून घेते. करवीर तालुक्यातल्या एका घरात स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय लटकलेलं होतं. चौकटींमध्ये पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं : गॅस लावला, बिल, पेंड दोन पोती, गटाचा हप्ता. ऑगस्टच्या पानावर एका तारखेला नुसतं ‘थोरली’ लिहून गोल केला होता. ही थोरली म्हणजे म्हैस. ती गाभण होती आणि त्या सुमाराला आटणार होती. काकू म्हणाल्या, “म्हस आटली की बिल निम्म्यावर येतंय. दोन-तीन म्हयने तसंच काढायचं. म्हणून तेच्या आदीच पेंड भरून ठेवायची आन् गटाचं कर्ज तेवढ्यात काढायचं न्हाई.” हा अंदाज त्यांना कुणी शिकवलेला नाही. म्हैस कधी भरली ते माहीत, दहा महिन्यांचा काळ माहीत, ती कधी विणार आणि त्याआधी किती दिवस दूध बंद राहणार हेही माहीत. त्यावरून पुढच्या तीन महिन्यांचं उत्पन्न त्यांनी आधीच कमी धरलेलं होतं. पगारदार घरांमध्ये इतक्या पुढचं पाहणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

त्याच घराच्या उसाची गोष्ट उलटी आहे. दुधाचं बिल दहा दिवसांनी ठरलेलं, उसाचं मात्र कागदावरच ठरलेलं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गाळपाला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची (रास्त आणि किफायतशीर दराची) रक्कम द्यायची आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. २०२५-२६ च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी जाहीर झाली होती. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये ही रक्कम दोन टप्प्यांत द्यायची मुभा कारखान्यांना दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एकरकमी एफआरपीचं आंदोलन शहरातल्या वाचकाला दराचं भांडण वाटतं. ते तारखेचंही भांडण आहे. पैसे जानेवारीत मिळाले तर पीककर्ज मुदतीत फिटतं आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून तीन लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली तर ती सवलत जाते. कारखान्याच्या उशिराची किंमत शेतकरी अशी दोनदा मोजतो, आणि त्या घराने कितीही चांगली वही लिहिली तरी ती किंमत चुकत नाही. घराच्या नियोजनाविषयी बोलताना ही बाजू सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी तर दोन तारखांमधली दरी स्वतःच्या अंगावर घेऊन शहराला जेवू घातलं. कोकणातून, घाटावरून आलेला गडी महिनाभर जेवायचा आणि पगार झाल्यावर पैसे द्यायचा. धान्य मात्र बाईला रोज लागायचं. मग वाण्याकडे उधारी, चढा भाव, सावकाराचं व्याज, कधी अंगावरचा डाग गहाण. पगाराच्या दिवशी पठाण सावकार गिरणीच्या फाटकाशी उभा असायचा, तेव्हा गड्याकडून आधी कोण वसूल करतं याचीच शर्यत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून दिलं. या बायकांचा धंदा तोट्यातला नव्हता. महिनाभराचा किराणा रोखीने भरता येईल एवढं स्वस्त भांडवल मिळताच वाण्याचा चढा भाव आणि सावकाराचं व्याज दोन्ही सुटण्यासारखं होतं. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पगाराची तारीखच नाहीशी झाली. त्या संपात गड्यांबरोबर खानावळीही बुडाल्या.

या विषयावरचं जगातलं फार मोलाचं काम अशाच घरांच्या वह्यांवरून झालं आहे. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफर्ड आणि ऑर्लांडा रुथवेन या चौघांचं ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे पुस्तक २००९ साली आलं. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेच्या आसपास गरीब कुटुंबांकडे वर्षभर साधारण दर पंधरवड्याला जाऊन त्यांनी आलेल्या-गेलेल्या पैशाची नोंद केली. उत्पन्न कमी, हा अडचणीचा एक भाग. ते कधी येईल याचा नेम नाही, हा दुसरा. आणि या दोन्हींना तोंड द्यायला हाताशी असलेली साधनं तोकडी, हा तिसरा. त्यामुळे गरीब कुटुंब पैशाची जमवाजमव श्रीमंतापेक्षा कितीतरी जास्त वेळा आणि जास्त डोकं लावून करतं, असं त्या नोंदींवरून दिसलं.

भिशी हा त्यातलाच आपल्याकडचा जुना उपाय. बारा जणी दरमहा दोन हजार टाकतात, एकीला चोवीस हजार मिळतात. ज्या भिशीत नंबर चिठ्ठीने न काढता बोलून ठरवतात, तिथे जून आणि दिवाळीच्या नंबरासाठी किती समजूतदार वाटाघाटी होतात ते ऐकण्यासारखं असतं. ‘मला जून द्या, धाकटीची ॲडमिशन आहे’, असं म्हणणारी बाई वर्षभर पुढचं बघत असते. रोजच्या कमाईवाल्यांसाठी पिग्मी आहे. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली दोन आण्यांपासून सुरू केलेली ही रोजची बचत आज आपल्या पतसंस्थांचा कणा आहे. रिक्षावाला, भाजीवाली, सलूनवाला यांचं उत्पन्न रोज येतं आणि खोलीभाडं महिन्याने जातं. ९,००० भाडं असेल तर रोजचे ३०० बाजूला काढून भागत नाही. महिन्यात पंचवीसच दिवस धंदा होत असेल तर रोजचे ३६० काढावे लागतात. हा साठ रुपयांचा फरक ज्याने धरला नाही, त्याला महिनाअखेर दीड हजार कमी पडतात आणि का पडले ते कळत नाही.

पगारदारांनी वही कशी लिहावी, याला फार विद्या लागत नाही. गेल्या वर्षाचं पासबुक काढून बारा महिन्यांत एकदा, दोनदा किंवा चारदा गेलेली प्रत्येक रक्कम आधी उतरवायची, कारण दरमहा जाणारा पैसा लक्षात असतो, घात करतो तो वर्षातून एकदा जाणारा. मालमत्ता कर, गाडीचा विमा, क्लासची फी, सोसायटीचा तिमाही मेंटेनन्स, मोबाइलवरून आपोआप नूतनीकरण होणारी ओटीटीची वर्गणी. कापण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवण्याचं बंधन आहे, पण तो संदेश जाहिरातींच्या गर्दीत वाचला जात नाही. मग पुढच्या तेरा आठवड्यांच्या तारखा ओळीने लिहायच्या आणि प्रत्येक ओळीपुढे त्या दिवसाची शिल्लक मांडत जायची. ज्या उत्पन्नाची तारीख नक्की नाही, ते हातात पडेपर्यंत धरायचं नाही. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये असोत, ओव्हरटाइम असो की भाडेकरूचं भाडं. खर्च मात्र दोन दिवस आधीच धरायचा. शेवटी सगळ्यांत लहान आकड्याखाली रेघ मारायची. तो दिवस आपला. त्याच्या आजूबाजूची जी बिलं थांबू शकतात ती हलवायची. कुठलीच हलत नसतील तर कर्ज देणाऱ्याशी हप्ता परत जाण्याआधी बोलायचं. आधी गेलेल्याला निदान ऐकून घेतलं जातं; नंतर गेलेल्यापुढे वसुलीची भाषा सुरू होते.

हप्त्याची तारीख बदलताना नवा मँडेट, म्हणजे खात्यातून वसुलीची संमती, द्यावा लागतो आणि मधल्या दिवसांचं व्याज भरावं लागतं. म्हणून कर्ज घेतानाच, सह्या करण्यापूर्वी, पगाराच्या तारखेनंतरची तारीख मागावी. बँकांनी ती स्वतःहून विचारली पाहिजे. उत्पन्नाचे सहा-सहा महिन्यांचे कागद मागणाऱ्या बँकेला पगार कोणत्या तारखेला होतो हे त्या कागदावर दिसत असतंच.

वहीत सगळ्या ओळी लिहूनही शिल्लक दर महिन्याला उणेच येत असेल, तर ती तारखांची अडचण नव्हे. तिथे उत्पन्नच कमी आहे. ते वहीने वाढत नाही. पण निदान ते कळतं, आणि तारखा हलवत बसण्यात, या कार्डाचं त्या कार्डावर फिरवण्यात वर्ष वाया जात नाही.

२०२५ च्या दिवाळीचा हा अंक हाती येईल तेव्हा पुष्कळांकडे बोनस आलेला असेल. १९६५ च्या कायद्याने बोनसची किमान आणि कमाल मर्यादा ठरवली; किमान पुढे ८.३३ टक्क्यांवर आली, कमाल २० टक्केच राहिली. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी १९२४ साली बोनससाठी दोन महिने संप केला होता, इतकी ही जुनी लढाई आहे. हातातला बोनस खर्च करण्यापूर्वी नव्या वर्षाचं पंचांग जरूर उघडा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याचा महिना, म्हणजे लेक-जावयाचं वाण, कपडे, अनारसे, आणि तो संपतो न संपतो तोच शाळा उघडतात. मागचा अधिक महिना २०२३ च्या श्रावणात होता, त्यामुळे गेल्या वर्षाच्या पासबुकात हा खर्च सापडणार नाही. त्याआधी जानेवारी ते मार्च, गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नसतील तर पगारातून जादा प्राप्तिकर कापला जाईल. त्या तीन महिन्यांचा पगार आत्तापासून कमी धरा. आणि अधिक महिन्यामुळे पुढचे सगळे सण लांबतात. २०२५ चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, २०२६ चं ८ नोव्हेंबरला. म्हणजे या बोनसला पुढच्या दिवाळीपर्यंत ३८३ दिवस काढायचे आहेत.